तानाजीचा सांगावा

भरे गावात कुणी वारलं की पहिली हाक तानाजीला जायची. गेलेल्या माणसाला आता डॉक्टर काय करायचा, त्याला बोलावून उपयोग नाही. पण पाहुण्यारावळ्यांना कळवायचं कुणी? कुणाची लेक नेऱ्याला दिलेली, कुणाचा भाऊ कासारसाईच्या धरणाकडं, कुणाची आत्या पार डोंगरातल्या वाडीवर. आळीत पहिली मोटरसायकल तानाजीनं घेतली आणि मयताचा सांगावा त्याच्या गळ्यात पडला तो पडलाच. पुढं घरोघरी मोबाइल आले, तरी लोक त्याच्याच दारात यायचे. "तानाजी, तूच लाव बाबा फोन. आमच्यानं न्हाई व्हायचं. तुला जमतंया."

आणि खरंच जमायचं त्याला. "तुमची आई गेली" म्हणायला काय लागतं हो, शिकवला तर पोपटही म्हणेल. तानाजीची रीत वेगळी होती. दारात गाडी लावली की आधी गाई-वासरांची चौकशी, पावसापाण्याच्या गप्पा. मग, "जेवलासा का?" जेवले नसतील तर हा स्वतः चुलीपाशी बसकण मारणार, त्यांना जेवायला लावणार, वर तांब्याभर पाणी पाजणार. मग हळूच, "आईचं जरा बरं न्हाई, कापडं बदला, जाऊन येऊ." गाडीवर मागं बसवून पौड रस्त्याला लागला की, "तसं लईच न्हाई बरं." वेशीपर्यंत माणसाला आपोआप उमजायचं आणि दारात उतरताना त्याला धरायला चार हात तयार असायचे. उपाशी माणसाला सांगायचं नाही आणि एकट्या माणसाला सांगायचं नाही, एवढं तो कटाक्षानं पाळायचा. "पडंल तर धराया कुणीतरी नगं का?" म्हणायचा.

याला कारण होतं. त्याचा बाप गेला तेव्हा तानाजी पिरंगुटच्या एका कारखान्यात कामाला होता. जेवणाची सुट्टी चाललेली. गेटवरच्या माणसानं लांबूनच आरोळी ठोकली, "ए तानाजी, तुझा बाप मेला रे, घरी जा!" पोरं डबे खात होती, त्यातलं कुणीतरी तर हसलंही. तानाजीच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि तो तसाच धरून तो घरापर्यंत पळत आला. त्या दिवसापासून त्यानं ठरवलं, असं कुणाला कळू द्यायचं नाही. म्हणजे बघा, तानाजी काही वाईट माणूस नव्हता. माणसाच्या वाईटपणामुळं झालेली गोष्ट सांगायला सोपी असते, ही तशी नाही.

त्याची बायको पारू. कासारसाईची, हसरी, तोंडानं फटकळ. नवरा असला सांगावा देऊन आला की हातपाय धुवायला पाणी ओतता ओतता म्हणायची, "आला का यमाचा पोस्टमन! कुणाच्या घरी जेवून आला आज?" तानाजी चिडायचा, ती आणखी हसायची. दोघांना एकच लेक, शीतल. लहानपणी ती गाडीच्या टाकीवर बसून बापाबरोबर या असल्या कामालाही जायची. पोर बरोबर असलं की लोकांना शंका येत नाही, हा तानाजीचा हिशोब. टाकीवर बसून ती सगळं ऐकायची. पोर हुशार निघाली, शिकली, शिष्यवृत्ती मिळवून आयर्लंडला गेली. गॉलवे नावाचं गाव. "गालबोट का काय ते," पारू म्हणायची.

तिथं शीतलचं चाललं होतं ते काही फार सुखाचं नव्हतं. दिवसा कॉलेज, संध्याकाळी एका हॉटेलात भांडी घासायची, आणि उरलेल्या वेळात एका कोंदट खोलीत एकटीच. पारूला ते फोनवर दिसायचं आणि खुपायचं. "अगं बाहीर पड की जरा! इतक्या लांब गेलीस ती भिंती बघाया व्हय?" दर फोनला हेच पालुपद.

मग एका शुक्रवारी शीतलचा फोन आला. आवाजातच उड्या मारत होती. "आये, मी दोन दिवस डब्लिनला चाललीया. कॉलेजातल्या चौघीजणी हाय आमी. बाजार करणार, हिंडणार, रात्री नाचाया बी जाणार."

नाचायला म्हटल्यावर तानाजीचं तोंड कडू झालं. पारूनं त्याला कोपरानं ढोसलं. "जा गं तू! आन नाच चांगली. मी भावाच्या वरातीत नाचले, त्यानं कुणाचं काय वाईट झालं? मला फोटू धाड पर. आन नवी कापडं घे, त्या काळ्या कोटात कावळ्यावानी दिसतीस."

"तुला काय आणू, आये?"

"मला काय नगं. बरं, आण कायतरी गरम."

ते तिचं लेकीशी शेवटचं बोलणं. शनिवारी पहाटे पारू उठून बसली, छातीत कळ येतीय म्हणाली. तानाजीनं पुतण्याला, कैलासला, हाक मारली, त्यानं गाडी काढली. पिरंगुटचा दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. गाडीत तिचं डोकं तानाजीच्या मांडीवर होतं. कैलास आरशातून बघत होता आणि विचारत नव्हता, तानाजी सांगत नव्हता.

सकाळी अंगणात माणसं जमली. बायकांनी पारूला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. "भाग्याची गं बाई, कुकवानिशी गेली," असं जी ती म्हणत होती. तानाजीला वाटलं, एकेकीला हाताला धरून अंगणाबाहेर काढावं. कसलं आलंय भाग्य!

तोंडात पाणी घालायची वेळ आली, तशी कैलासनं मोबाइल काढला. "आबा, शितलीला लावतो. यायला तर जमणार न्हाई तिला. आईचं तोंड तरी बघंल. तिच्या नावानं पाणी घालू."

"ठेव तो फोन," तानाजी म्हणाला.

"आबा..."

"ठेव म्हणलं न्हवं? परक्या मुलखात एकटी पोर. तितं पडली तर कोण धरंल तिला? दोन दिवस हिंडाया गेलीया, पारूनंच धाडलीया. हिंडून येऊ दे, जीवाला बरं वाटू दे, सोमवारी मी सांगीन माझ्या रीतीनं." मग जमलेल्या सगळ्यांकडं वळून म्हणाला, "आन कुणी मोबाइलवर फोटू टाकायचा न्हाई. श्रद्धांजली न्हाई, फुलं न्हाई, काय न्हाई. सोमवार पातूर."

दुसरा कुणी असता तर गावानं त्याला चार शब्द सुनावले असते. पण मयत कसं सांगावं हे तानाजीला कोण शिकवणार? कैलासनं फोन खिशात घातला. लेकीच्या नावाचं पाणी तानाजीनंच घातलं आणि पारूला उचलली.

संध्याकाळी घर बायकांनी भरलेलं, एकेक पाहुणी दारात आली की नव्यानं हंबरडा. तेवढ्यात तानाजीच्या खिशात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. तो ताडकन उठला आणि गोठ्याच्या मागं जाऊन उभा राहिला. पडद्यावर शीतल. गाल लाल, केस मोकळे, मागं दिव्यांनी लखलखलेलं दुकान.

"आबा! हे बघा, केवढं दुकान! आपली आख्खी आळी मावंल ह्यात. आईला द्या की."

"झोपलीया ती."

"आत्ता? दिवेलागणीला?"

"दमलीया. लई दमलीया."

"बरं, ऱ्हाऊ द्या. स्वेटर घेतीया तिला. ह्यो मोरपंखी का ह्यो तांबडा?" तिनं दोन्ही समोर धरले. "लौकर सांगा, पोरी खोळंबल्यात."

आता या माणसानं काय करावं? त्यानं दोन्ही स्वेटर नीट बघितले. पारूला तांबडा खुलायचा. "तांबडा घे," तो म्हणाला. घरातून रडण्याचा आवाज आला, तशी शीतल थबकली. "कोण रडतंय ओ?"

"टीव्ही हाय. गंगूआत्या मालिका बघतीया."

शीतल खळखळून हसली. आणि खरं सांगायचं तर त्या घडीला तानाजीलाही बरं वाटलं. घरात, गावात, पंचक्रोशीत पारू मेलेली होती. फक्त त्या एका पोरीच्या लेखी ती आत झोपलेली होती, उठल्यावर तिला स्वेटर आवडणार होता. फोन बंद झाला तरी तो बराच वेळ गोठ्यामागंच उभा राहिला. आत जावं असं त्याला वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला नदीवर गेले, तर तिथं नवीनच कुजबुज. तरण्या पोरांच्या मोबाइलवर शीतलचे फोटो झळकले होते. रंगीत उजेडात हात वर करून नाचणारी शीतल, मैत्रिणींच्या गळ्यात गळे घालून हसणारी शीतल, हातात पिशव्याच पिशव्या. एकीनं दुसरीला दाखवलं, दुसरीनं तिसरीला, आणि तो फोन फिरत फिरत तानाजीच्या थोरल्या बहिणीच्या, शनिवारी पारूला उचलल्यावरच पोचलेल्या गंगूबाईच्या हातात पडला. गंगूबाईचं तोंड म्हणजे उघडी तोफ.

"बघा गं बायांनो! आईची राख निवली न्हाई आन लेक नाचतीया. शिकवा पोरींना, धाडा परमुलखात!"

तानाजी राखेत हात घालून वाकला होता, तसाच उठला. "तिला काय बोलायचं न्हाई, आक्का. तिला ठावं न्हाई. मी सांगितलं न्हाई तिला."

"म्हंजी? कुणीच न्हाई सांगितलं?"

"उद्या सांगणार हाय."

गंगूबाईनं हातातला फोन शेजारणीकडं दिला. तिचे डोळे भरून आले, पण आवाज काही खाली येईना. "येडा का खुळा रं तू? तिची आई हाय ती! दुसऱ्याच्या घरची मरणं सांगून सांगून तुला वाटाया लागलं, मरण म्हंजी तुझ्या खिशातली तंबाखूची पुडी. पायजे तवा काढायची, पायजे तेवढी चिमूट द्यायची. अरं, तिला रडू तर द्यायचं व्हतंस!"

तानाजी पुन्हा वाकला आणि अस्थी वेचू लागला. आजवर त्याच्या या कामाबद्दल त्याला कुणी वावगं बोललं नव्हतं.

सोमवारी दुपारी त्यानं फोन लावला. तिकडं सकाळ होती. सगळी तयारी मनात केलेली होती. ओट्यावर मांडी घालून बसला, घसा खाकरला. शीतलनं उचलला. खोलीत होती, पिशव्या अजून तशाच पलंगावर.

"आलीस का सुखरूप?"

"आले की रात्रीच."

"हवा कशी हाय?"

"हाय बरी."

"जेवलीस का?"

शीतल पलंगाच्या कडेवर बसली. मग शीतल अगदी हळू म्हणाली, "कोण गेलं, आबा?"

"अगं, जेवलीस का इचारलं..."

"आबा, मी टाकीवर बसून लहानाची मोठी झाले. हा तुमचा सांगाव्याचा आवाज आहे. कोण गेलं?"

रागावली किंवा घाबरली की शीतल शहरातल्यासारखं शुद्ध बोलायची. तानाजीनं तोंड उघडलं. पंचवीस घरं समजावलेला माणूस, पण त्याला 'आईचं जरा बरं न्हाई' एवढंही म्हणता येईना. त्याला नुसतं रडू फुटलं, आणि त्यावरूनच तिला कळलं.

"कधी?"

"शनिवारी. पहाटं."

ती मोजत होती असं वाटलं. "म्हणजे मी दुकानातून फोन केला तेव्हा..."

"व्हय."

"आणि तुम्ही मला रंग सांगितलात."

"तू लई खुशीत व्हतीस, बाळा. मला वाटलं, एकटी पोर, कोण धरंल तुला..."

"एकटी?" शीतलचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आबा, इथं आल्यापासून फक्त त्या दोन दिवसांत मी एकटी नव्हते. चौघी होतो. त्यांनी धरलं असतं मला. आज मी या खोलीत एकटी आहे. आज सांगताय तुम्ही."

एकट्या माणसाला सांगायचं नाही हे अख्खा जन्म जपलं, तेच तानाजीच्या हातून सुटलं होतं, आणि तेही स्वतःच्या लेकीच्या बाबतीत. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"मला आईचं तोंड बघायला मिळालं असतं."

"चुकलं गं."

"यापुढं मला काही गोड करून सांगू नका. जे असेल ते सांगा. नाहीतर फोन करू नका." आणि तिनं फोन ठेवला. एक टिपूस नाही, एक हुंदका नाही. तानाजीला त्याचीच जास्त धास्ती वाटली. ज्या घरी माणूस रडत नाही, तिथं काहीतरी उलटं घडतं, हे त्यानं बघितलेलं होतं.

पुढचे दिवस असेच गेले. रोज फोन करायचा, ती उचलायची. हो, नाही, जेवले, कामाला चालले. गंगूबाईशी बोलायची, कैलासशी बोलायची, पण रडली म्हणून कुणाकडूनच ऐकू आलं नाही. गंगूबाईच्या रागाचं तर केव्हाच पाणी झालं होतं. "पोर दगड झालीया रं तानाजी," म्हणून तीच डोळ्याला पदर लावायची. लेक येऊ शकत नव्हती, पण दहावं बघून तरी रडेल, म्हणून सगळं घर दहाव्याकडं डोळे लावून बसलं. दहाव्याला फोनवर सगळं दाखवा, एवढंच शीतलनं मागितलं होतं.

दहाव्याला नदीवर केळीच्या पानावर पिंड मांडले. शेजारी पारूच्या आवडीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. आमच्याकडं अशी समजूत, की जाणाऱ्याचा जीव कशात गुंतला असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग एकेकानं पुढं होऊन हात जोडायचे, "पोराचं लगीन लावू, जमीन इकणार न्हाई," असं कबूल करायचं, तेव्हा कुठं कावळा खाली येतो. कधी कधी दुपार टळते. पारूचा जीव लेकीत असणार हे तर शेंबडं पोरही सांगेल. म्हणून सगळे तासन्‌तास बसायच्या तयारीनंच आले होते. कैलास मोबाइल उंच धरून नदीकाठानं येरझाऱ्या घालत होता, पण त्या वळणावर डोंगराच्या आड रेंजच नव्हती. चित्र दोनदा आलं, गोठलं आणि गेलं.

तानाजीनं पान ठेवलं. हात काढून दोन पावलं मागं सरतोय न सरतोय तोच झाडावरून कावळा झपकन उतरला आणि पिंडावर चोच मारून गेला. मागोमाग दुसरा आला. लोक चकित झाले. "वा! समाधानानं गेली माउली. कायसुदिक मागं ठेवलं न्हाई." सगळ्यांना हायसं वाटलं. तानाजी मात्र त्या पानाकडं खुळ्यासारखा बघत उभा. त्यानं लेकीसाठी काय काय कबूल करायचं ते मनात जुळवून आणलं होतं, आणि त्याला तोंडसुद्धा उघडायला मिळालं नव्हतं.

घरी पोचता पोचता रेंज आली आणि फोन वाजला. तिकडं अजून उजाडलंही नव्हतं. तानाजीनं फोन हातात धरला तसा गंगूबाईनं त्याचा दंड पकडला. "तानाजी, ऐक माझं. ती कावळ्याचंच इचारणार. सांग, लई येळ बसून ऱ्हायला, शिवंना. तुझं नाव घेतलं तवा शिवला. एवढं सांग. मोकळी व्हईल पोर." कैलासनंही मान हलवली. "सांगा आबा. ह्यात पाप न्हाई."

आणि हे सांगणं तानाजीला डाव्या हातचा मळ होतं. कावळा कुठल्या फांदीवर बसला, कसा मान वाकडी करून बघत होता, 'शीतल' म्हटल्यावर कसा उतरला, सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं. अशा वेळी माणसाला काय ऐकायचं असतं हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? त्यानं फोन उचलला आणि ओट्यावर जाऊन बसला.

"आबा, काहीच दिसलं नाही मला," शीतल म्हणाली. मग थांबून थांबून, "कावळा शिवला का?"

"शिवला."

"किती वेळ थांबला?"

तानाजीनं डोळे मिटले. तिच्या त्या विचारण्यात केवढी आशा होती, ते त्याला कळत होतं. त्याचे ओठ दोनदा हलले.

"थांबला न्हाई, बाळा. पान ठेवलं आन लगीच शिवला."

"लगेच?"

"लगीच."

मग ती म्हणाली, आणि या वेळी तिची बोली पुन्हा घरची झाली होती, "म्हंजी आई माझ्यासाटी थांबली न्हाई."

"न्हाई थांबली गं," तानाजी म्हणाला. "माझ्यासाटी बी न्हाई थांबली."

तेव्हा शीतल रडली. इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम फुटलं. आये, आये म्हणून ती लहान पोरीसारखी ओरडत होती आणि ते फोनमधून पार अंगणापर्यंत ऐकू येत होतं. अंगणातली माणसं जागच्या जागी उभी राहिली. गंगूबाई पुढं आली, "गप म्हण तिला, पाणी पी म्हण," असं खुणेनं सांगू लागली. तानाजीनं मान हलवली. तो तिला गप म्हणाला नाही, पाणी पी म्हणाला नाही. फोन कानाला घट्ट धरून तो ओट्यावर बसून राहिला आणि लेकीबरोबर रडत राहिला.